डिंकाची चव

३ मार्च

ती. ताई,

नमस्कार. उभ्यानेच करतोय, वाकलं की पोटात कळ येते.

शेवटी घशातून नळी घालून घेतली. गेल्या वर्षी तू घेतलीस तेव्हा मी फोनवर हसलो होतो, ते आता अंगाशी आलं. जठरात व्रण आहे आणि तुझ्याच त्या जंतूने तिथे बिऱ्हाड केलं आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला होता का? मी म्हटलं, ताईला, आणि ती लहानपणी मला स्वतःच्या चमच्याने भरवायची. त्या म्हणाल्या, कुणी कुणाला दिला हे आता शोधून काही उपयोग नाही. मी मात्र तुझं नाव नक्की करून टाकलं आहे.

औषध उद्यापासून. जंतू मारायच्या दोन तऱ्हेच्या गोळ्या आणि आम्ल कमी करणारी एक, दोन आठवडे. मग व्रण भरेपर्यंत नुसती आम्लाची. त्यानंतर जंतू गेला की नाही ते तपासणार. एवढी वरात त्या एका फोडासाठी.

आणि मुहूर्त बघ. मार्चमध्येच आमचं चहाचं वर्षाचं मिश्रण ठरतं. चाखायच्या खोलीत लांब टेबलावर पांढरे कप मांडलेत आणि मी आपला चमचा घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फुरके मारत, थुंकत चाललोय. यंदा मालकांनी माझ्या बाजूला एक नवा चाखणारा उभा केला आहे. केस इतके चापूनचोपून बसवलेले असतात की आम्ही त्याला चापूनचोपूनच म्हणतो. माणूस वाईट नाही. पण माझ्या प्रत्येक फुरक्यानंतर तोही त्याच कपातून एक घेतो आणि काही बोलत नाही. ताई, हे लक्षण मला ठीक दिसत नाही.

त्या गोळ्यांनी जिभेचं काही होतं का गं? तू तेव्हा काहीतरी म्हणाली होतीस, मी हसण्याच्या नादात ऐकलं नाही.

तू हाताने केलेली पाकिटं संपली. चारपाच पाठव. दुकानातल्या पाकिटांचा डिंक जिभेला लावायची माझी इच्छा नाही.

तुझा
फुरक्या


९ मार्च

चि. फुरक्या,

पोटभर आशीर्वाद. पोटालाच जास्त.

जिभेचं होतं. चांगलंच होतं. तोंडात जुना तांब्याचा पैसा धरून बसल्यासारखं वाटतं, आणि दोन आठवडे तो पैसा निघत नाही. मीठ, साखर, पाव, पाणी, सगळं एकच. शेजारणीने मायेने सूप आणून दिलं तर मी ते नासलंय म्हणून परत नेऊन दिलं. ती बिचारी अजून माझ्याशी मोजूनमापून बोलते. पण औषध संपल्यावर चार दिवसांत पैसा आपोआप गेला. तेव्हा घाबरू नकोस.

मालकांना सरळ सांग, दोन आठवडे जीभ रजेवर आहे. कप थांबतील. आणि एकसुद्धा गोळी चुकवायची नाही. माझे डॉक्टर म्हणाले होते, अर्धवट औषध घेतलं तर अर्धे जंतू मरतात आणि उरलेले शहाणे होतात. मग तेच औषध त्यांना लागू पडत नाही.

आणखी दोन गोष्टी. डोकं दुखलं की तू खिशातून जी पांढरी गोळी काढून तोंडात टाकतोस, ती बंद. माझ्या बोटांसाठी मी तसलीच घ्यायचे, तीच व्रण भरू देत नव्हती. आता बोटं दुखली की गरम पाण्यात बुडवून बसते, आणि डॉक्टरांनी दुसरी पोटाला चालणारी दिली आहे ती घेते. दुसरी गोष्ट सिगारेट. ती तू सोडली आहेस असं तू मला तीनदा सांगितलं आहेस. चौथ्यांदा सांग आणि खरंच सोड.

वाचनालयाच्या बांधणीखात्यात सध्या फाटक्या पुस्तकांचा ढीग छताला लागलाय. उरलेल्या कागदाची सहा पाकिटं केली, सोबत पाठवते. काळजी करू नकोस, पुस्तकांच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतो, पण पाकिटांना साधा डिंकच लावते. तुला विष घालायचं असतं तर लहानपणीच घातलं असतं, तेव्हा कारणं जास्त होती.

आणि फोनवर नको, पत्रानेच कळव. फोनवर तू "बरंय" म्हणतोस आणि ठेवतोस. पत्रात खोटं बोलायला तुला निदान एक पान तरी भरावं लागतं.

तुझी
ताई


१७ मार्च

ती. ताई,

नमस्कार. आज थोडा वाकून.

गोळ्या नेमाने चालू आहेत. पोट पुष्कळच शांत आहे. सकाळी उपाशीपोटी आम्लाची गोळी, अर्ध्या तासाने मऊ भात किंवा पाव, मग कामाला. एकदम पोटभर जेवत नाही, थोडंथोडं खातो. ही म्हणते, तुला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसून खाताना बघतेय. ही दातांच्या दवाखान्यात रांग लावायचं काम करते ना, तर आता घरी मलाही रांगेत बसवते. सिगारेट सोडली. चौथ्यांदा.

मिश्रण जवळजवळ जमलं. डोंगराकडच्या मालात यंदा एक ओल्या लाकडासारखा वास आहे, फार पुसट. चापूनचोपूनला तो लागलाच नाही. मी म्हटलं, पुन्हा घे, मागच्या दाताशी घोळव. त्याने चार वेळा घेतलं आणि मग मान हलवली. मालक दारात उभे राहून बघत होते. ताई, कुणाला सांगू नकोस, पण मला फार बरं वाटलं.

तू जिभेचं उगाच घाबरवलंस.

तुझा
फुरक्या

(पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीने: या खेपेला डिंकात लवंग आहे ना? मागच्या पाकिटांना नव्हती. छान आहे.)


२१ मार्च

फुरक्या,

आशीर्वाद मागाहून. आधी भांडण.

डिंक आंबू नये म्हणून मी बाटलीत दोन लवंगा टाकल्या होत्या. कुणालाही बोलले नव्हते. इथे दिवसभर तीच बाटली वापरणाऱ्या बायकांना पत्ता नाही. आणि तू एकदा जीभ फिरवून ओळखलीस, आणि वर मला लिहून कळवलंस! त्या गोळ्या पोटात असताना मला अख्खी लवंग चावूनही ती लवंग आहे हे कळलं नसतं.

तू गोळ्या घेत नाहीयेस. नाहीतर कप असतील त्या दिवशी सोडतोयस. ओल्या लाकडाचा वास! मला काय खुळी समजलास?

बाबा गेले त्या सकाळीसुद्धा त्यांनी त्याच खोलीत, त्याच टेबलावर कप चाखले होते. तू तेव्हा शाळेत होतास, मी घरी होते. दुपारी त्यांना तिथून उचलून घरी आणलं, त्यांनी पाणी मागितलं, आणि रक्ताची उलटी झाली. तुला आम्ही नुसतं "पोट बिघडलं" असं सांगितलं होतं. तेव्हा जंतूबिंतू कुणालाच ठाऊक नव्हतं. दूध प्या आणि राग सोडा, एवढाच उपाय. बाबांना दूध आवडत नव्हतं आणि राग सुटत नव्हता. त्यांच्यासाठी औषधच नव्हतं रे. तुझ्यासाठी आहे, आणि तू ते खिशात घेऊन फिरतोयस.

मला तुझी जीभ नको आहे. मला तू हवा आहेस. खरं काय ते लिही.

ताई


२८ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र वाचून जीव कासावीस झाला. बाबांचं मला माहीत नव्हतं.

पण तू समजतेस तसं नाही. प्रत्येकाला तशी चव येतेच असं नाही. माझी जीभ तीस वर्षं तयार झालेली आहे, तुझ्यामाझ्यात तेवढा फरक पडणारच. औषध तर संपलंसुद्धा. डबी रिकामी आहे, हवं तर हिला विचार. पोटात काही दुखत नाही, मग जंतू गेलाच ना?

मिश्रण ठरलं. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. रागावू नकोस गं. तू रागावलीस की मला अजून शाळेत उशिरा पोचल्यासारखं वाटतं.

फुरक्या


२ मे

ती. वन्सं,

नमस्कार. पत्र यांच्याऐवजी माझं बघून घाबरू नका, आता धोका टळला आहे. फोन करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि मग कुणालाच काही कळत नाही.

परवा हे चाखायच्या खोलीत चक्कर येऊन पडले. तो नवा माणूस, ज्याच्या केसांवरून हे त्याला चिडवतात, त्यानेच गाडी करून दवाखान्यात नेलं आणि मी पोचेपर्यंत हात धरून बसला. व्रणातून रक्त जात होतं. चारपाच दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं म्हणे, आणि हे आपले "काल बीट खाल्लं असेल" म्हणत गप्प. आमच्या घरात बीट कुणी आणतसुद्धा नाही. नळी घालून रक्त थांबवलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. जंतू तसाच्या तसा आहे.

शुद्धीवर आल्यावर यांनी मला आपणहून सांगितलं. कप असतील त्या दिवशी सकाळपासून गोळ्या घ्यायचेच नाहीत. त्या गोळ्या कारखान्याच्या थुंकायच्या पिंपात टाकायचे. म्हणून डबी रिकामी. मी रोज डबी बघत होते हो वन्सं, आणि समाधान मानत होते. ताईने पकडलं होतं, असं म्हणून रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही याल का? त्यांनी सांगितलं नाही, पण दाराकडे बघत असतात.

तुमची
भावजय


२० मे

चि. फुरक्या,

पोचले. गाडीत खिडकी मिळाली, आणि शेजारच्या बाईने रस्ताभर तिच्या पित्ताशयाची कथा सांगितली. म्हटलं, आमच्या घराण्यात जठर आहे, पित्ताशय अजून यायचंय.

तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मी थोबाडीत द्यायची ठरवून निघाले होते. हातही शिवशिवत होता. पण तू त्या पांढऱ्या चादरीत इतका लहान दिसलास की मी तुझे केस सारखे करत बसले. तू माझा एकुलता एक भाऊ आहेस, आणि मला तुझ्यावाचून करमत नाही. हे मी तुला कधी सांगितलं नसेल. आता सांगितलं, पुन्हा मागू नकोस.

मालकांशी बोललास का? मला पोटापेक्षा त्याची जास्त धास्ती आहे. कारण तुझ्या गोळ्या पिंपात गेल्या त्या चवीपायी नाहीत, भीतीपायी. ती भीती तशीच राहिली तर नव्या गोळ्याही तिथेच जातील.

ताई


३० मे

ती. ताई,

वाकून नमस्कार. खरंच वाकून, ही साक्षीला आहे.

बोललो. मालकांच्या खोलीत जाऊन सांगितलं की दोन आठवडे मला काहीही चाखता येणार नाही, आणि मार्चमध्येही चाखता यायला नको होतं, मी गोळ्या चुकवून चोरून चाखलं. मला वाटलं, आता म्हणतील, बसा घरी. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या वडिलांना इथून उचलून नेलं तेव्हा मी नुकताच कामाला बसलो होतो. तुम्हीही त्याच जागी पडलात. मला आणखी कुणाला उचलायचं नाही." मग म्हणाले, तोवर नवा बघेल.

नवा बघतोय. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो. काल त्याने एका ऑर्डरचं मिश्रण केलं. मला रंगावरून वाटलं, थोडं कडक झालंय. गिऱ्हाइकाने लगेच आणखी मागवलं. ताई, रात्री जेवण गेलं नाही मला. मग ही म्हणाली, "तुझ्यावाचून कारखाना चालला, म्हणजे तू मेला असतास तरी चालला असता. मी नसते चालले." त्यानंतर जेवलो. थोडंथोडंच, नेमाप्रमाणे.

नव्या गोळ्या वेगळ्या आहेत, जास्त आहेत आणि जहाल आहेत. जीभ कोळशासारखी काळी पडली आहे. आमच्या खोलीत मला सगळे काळजिभ्या म्हणतात, आणि मी कुणाबद्दल काही बोलायला लागलो की हात जोडतात. शौचालाही काळंच होतं, पण ते या औषधाने होणारच असं डॉक्टरीणबाईंनी आधी सांगून ठेवलंय. चक्कर, धाप, उलटी असं काही झालं तर मात्र तडक यायचं. या वेळी मी सगळं विचारून घेतलं.

आणि चव. काय सांगू! पावाला तांबं, पाण्याला तांबं, हिच्या हातच्या सगळ्याला तांबं. मी त्या शेजारणीची तुझ्या वतीने माफी मागतो.

फुरक्या

(पाकिटाच्या पाठीवर: डिंक चाटला. तांबं. लवंग असली तर मला माहीत नाही.)


८ ऑगस्ट

चि. काळजिभ्या,

तुझी ती पाठीवरची ओळ मी बांधणीखात्यात सगळ्यांना वाचून दाखवली. भावाला चव लागत नाही म्हणून एवढं हसणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात फुंकर मारायची तपासणी ना? मला आठवतंय, काहीतरी प्यायला देतात आणि मग पिशवीत फुंकायला लावतात, फुग्यासारखं. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवायची असते, नाहीतर जंतू असून लपतो आणि तपासणी खोटी चांगली येते. तू लिहिलंस की गोळी बंद केल्यापासून छातीत जळजळतं आणि हळूच एक घ्यावीशी वाटते. नको. जळजळ सोसवत नसेल तर डॉक्टरीणबाईंना विचार, त्या चालणारं काहीतरी देतील. खोट्या चांगल्या बातमीचा आपल्याला काय अनुभव आहे ते तुला सांगायला नको.

मला या वेळी झोप लागत नाही रे. तू म्हणशील, व्रण माझा आणि झोप हिची. पण पिशवीत तू फुंकणार आणि श्वास मी धरून बसणार.

सोबत एकच पाकीट पाठवते. त्याच्या डिंकात मी एक गोष्ट घातली आहे. काय ते ओळखून लिही. बघू, कारखान्याची जीभ परत आली का.

ताई


२१ ऑगस्ट

ती. ताई,

नमस्कार. श्वास सोड.

जंतू गेला. एकही गोळी न घेता, जळजळ सोसून फुंकलं, आणि गेला. नळीही पुन्हा घातली. व्रण भरलाय, तिथे नुसती फिकट खूण राहिली आहे. डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवलं. मला कपाच्या तळाशी राहतो तसा डाग दिसला. पांढऱ्या गोळीला जन्मात हात लावायचा नाही, सिगारेट नाही, आणि काळं दिसलं तर बिटावर ढकलायचं नाही. हे शेवटचं हिने त्यांच्याकडून मुद्दाम वदवून घेतलं.

चव आली आहे. पूर्वीइतकी आली का, ते सांगता येत नाही. चापूनचोपून आणि मी आता टेबलाच्या दोन टोकांकडून निघतो आणि मध्ये भेटतो. परवा एका कपाला त्याने "दमट" म्हटलं आणि मला काही लागलं नाही. मी तसंच सांगितलं, मला लागलं नाही म्हणून. आकाश कोसळलं नाही. त्याने मला दवाखान्यात नेलं होतं हे मी विसरलेलो नाही, पण केसांवरून चिडवणं चालूच ठेवलंय, नाहीतर त्याला संशय येईल.

आता तुझं पाकीट. पत्र लिहायच्या आधीच त्याचा कोपरा चाटून बघितला. लवंग नाही. वेलदोडा नाही, मध नाही, तुरटी नाही. पाणी पिऊन पुन्हा चाटलं. हिला चाटायला दिलं, ती म्हणाली, तुम्ही दोघं भावंडं एकसारखी वेडी आहात. दोन दिवस मी त्या कोपऱ्यापायी हैराण होतो. एकदा वाटलं, जायफळ लिहून मोकळं व्हावं, तुला बरं वाटेल. पेनही उचललं होतं.

मग खाली ठेवलं. ताई, मला काहीच लागलं नाही. डिंक आणि पाणी. माझी जीभ कमी पडली असेल तर पडली, पण मला लागलं ते हे.

तुझा
फुरक्या


२६ ऑगस्ट

चि. फुरक्या,

डिंक आणि पाणीच होतं. मी काहीच घातलं नव्हतं.

जीभ परत आली का ते मला बघायचंच नव्हतं. ती येणारच होती. दुसरं बघायचं होतं, ते बघितलं. बांधणीखात्यात सगळ्यांसमोर रडले आणि पुस्तकाचं एक पान भिजवलं, ते आता पुन्हा लावावं लागेल.

पुढच्या महिन्यात येते. मला तुमचा तो ओल्या लाकडाचा चहा पाज. मला काही लागला नाही, तर मी तसंच सांगीन.

तुझी
ताई